खोरवाडीचा पांढरा विंचू

१६ फेब्रुवारी, रविवार

गुडघे ठणकतायत. पण आज लिहिलंच पाहिजे!

रुचिकाबरोबर खोरवाडीच्या डोंगरात गेलतो. रुचिका माझी बारावीची विद्यार्थिनी, आष्टीची. आता पुण्यात विंचवांवर संशोधन करते. मागं तिचा फोन आला होता — ‘सर, आपल्याकडच्या भुयारांची माहिती पाहिजे. तुम्ही सगळे डोंगर हिंडलेले.’ मला अजून कुणी काही विचारतं, याचंच अप्रूप वाटलं. निवृत्त झाल्यापासून आमच्या कडा गावात मी ‘सर’ आहे तो फक्त नमस्कारापुरता.

भुयाराचं तोंड मोठं आहे, पण थोडं आत गेलं की पोटावर सरपटावं लागतं. मी गेलो नाही. गुडघ्यांचं कारण सांगितलं. खरं म्हणजे अरुंद जागेत माझा जीव घाबरतो. तिची बॅग धरून तोंडाशीच बसून राहिलो. आतून वटवाघळांचा उग्र वास. बराच वेळ तिची हाक येईना तेव्हा उठलो, वाकून बघितलं, परत बसलो.

बाहेर आली ती मातीनं माखून, हसतच. हातात प्लॅस्टिकची डबी. डबीत विंचू! साल काढलेल्या शेंगदाण्यासारखा पांढुरका. पाय लांब, दोऱ्यासारखे. डोळ्यांच्या जागी नुसते पुसट ठिपके. तिनं जांभळ्या, अतिनील टॉर्चचा उजेड टाकला तर हिरवागार चमकला. पस्तीस वर्षं पोरांना जीवशास्त्र शिकवलं, असलं काही बघितलं नव्हतं.

‘सर, हा कुठंच नोंदलेला नाही असं मला वाटतंय. कदाचित ह्याचं सगळं जग म्हणजे हे एवढंच भुयार.’

परत येताना म्हणाली, ‘कुणाला सांगू नका. जागा तर मुळीच नको. लोक येतील, उचलून नेतील. माझा पेपर येऊ द्या, वनखात्याशी बोलते, मग बघू.’

म्हटलं, ‘अगं, मी काय आजचा आहे का!’

१७ फेब्रुवारी

जगदेवीनं विचारलं, ‘काल डोंगरात काय सापडलं?’ म्हटलं, ‘दगड.’ बायकोलासुद्धा सांगितलं नाही. स्वतःचंच कौतुक वाटलं.

२ मार्च, रविवार

सांगून बसलो.

बसवेश्वरच्या कापड दुकानात बसलो होतो. धाकटा भाऊ, त्यामुळे माझी एक खुर्ची तिथं असतेच. नेहमीची मंडळी जमलेली. कारखाना, भाव, कुणाची सोयरीक. योगीराजही होता. माझाच विद्यार्थी, मागच्या बाकावरचा. आता नगरच्या एका पेपरला बातम्या देतो. कुणीतरी म्हणालं, ‘सरांचं बरं हाय. रिकामं. खायचं अन् बसायचं.’ सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता मोबाईल काढून त्या दिवशी डोंगरात काढलेला डबीचा फोटो दाखवला.

एकदम शांत झाले सगळे. लई वर्षांनी माझ्यासमोर कुणी असं शांत बसलं.

‘कुठं सापडला सर?’ योगीराज.

‘खोरवाडीच्या भुयारात.’

‘चावला तर?’

‘काडीचाही धोका नाही माणसाला.’

हे शेवटचं तर मला माहीतच नव्हतं. नुसतं चांगलं वाटलं म्हणून बोललो.

४ मार्च

आलं! फोटोसकट. ‘कड्याच्या निवृत्त शिक्षकाने शोधला दुर्मीळ आंधळा विंचू’. खाली — अंधाऱ्या भुयारात जिवावर उदार होऊन सरपटत जात भीमाशंकर सरांनी वगैरे. रुचिकाचं नाव शेवटच्या ओळीत, ‘सहकार्य केले’ असं. खोरवाडीचं नाव ठळक अक्षरात. ‘माणसाला काडीचाही धोका नाही’ हेही माझ्या तोंडी.

योगीराजला लगेच फोन करायला हवा होता. केला नाही. बातमी पुन्हा पुन्हा वाचली.

जगदेवीनं चष्मा लावून सगळी वाचली. मग म्हणाली, ‘तुमी सरपटत गेलात? ह्या गुडघ्यांनी?’

‘पेपरवाले लिहितात काहीही.’

‘मग सांगा की त्यांला.’

रुचिकाचे फोन येतायत. उचलले नाहीत.

५ मार्च

रुचिकाचा मेसेज — ‘सर, हे तुम्ही सांगितलंत?’

लिहिलं — ‘नाही. योगीराजनं फोटो बघितला आणि परस्पर छापलं.’

तिचं उत्तर — ‘मला वाटलंच. तुम्ही असं करणार नाही.’

मोबाईल पालथा ठेवला.

८ मार्च, शनिवार

खोरवाडीत सत्कार. गावचे जुने सरपंच अर्जुनराव स्वतः गाडी घेऊन न्यायला आले. महिला दिन म्हणून आधी अंगणवाडीच्या बायांचा सत्कार, मग माझा. शाल, नारळ, फेटा. अर्जुनराव माईकवर म्हणाले, ‘आमच्या डोंगरात काय दडलंय हे आमाला ठाऊक न्हवतं. सरांनी जगाला दाखवलं. आता हितं पर्यटन आणायचं!’ टाळ्या.

मी बोलायला उठलो. रुचिकाचं नाव घ्यायचं ठरवूनच गेलतो. वाटेत मनात वाक्यसुद्धा जुळवलं होतं. आणि समोर एवढी माणसं बघून ‘आम्ही’ म्हणालो. ‘आम्ही भुयारात शिरलो तेव्हा...’ नाव राहून गेलं. राहून गेलं कसलं, मीच गिळलं.

फुलं द्यायला अर्जुनरावांची नात आली, आरोही. चौथीत आहे. फुलं देऊन हालेचना. माईकसमोरच विचारलं, ‘सर, त्याला डोळे न्हाईत तर त्याला अंधार कळतो का?’

लोक हसले. मी म्हटलं, ‘शाब्बास! फार छान प्रश्न.’ आणि फोटोसाठी तिला जवळ ओढलं. उत्तर दिलं नाही. मला कुठं ठाऊक होतं?

घरी आल्यावर जगदेवीनं शाल घडी करून कपाटात ठेवली. म्हणाली, ‘भाषणाचा व्हिडिओ बसवेश्वरभावजींनी दाखवला. खोटं बोलताना तुमचा आवाज मोठा होतो.’

१६ मार्च, रविवार

बसवेश्वरच्या गाडीवर डोंगरात जाऊन आलो. गेलो नसतो तर बरं.

जत्राच भरलीय. मोटारसायकली, भेळेची गाडी. भुयाराच्या तोंडाला शेंदूर फासलाय, नारळ फोडलेत — पांढरा विंचू म्हणजे महादेवाचा, असं कुणीतरी उठवलंय. पोरं मोबाईलचे टॉर्च लावून आत शिरतायत, ओरडतायत. वटवाघळं बिथरलेली. एका पोराकडं पाण्याच्या बाटलीत पांढरा विंचू होता. हलत नव्हता.

‘सर! सर, सेल्फी!’

त्यानं बाटली मधे धरली. मी हसून उभा राहिलो.

का उभा राहिलो? हात धरून ती बाटली काढून घ्यायची सोडून?

२३ मार्च, रविवार

दुपारी योगीराजचा फोन. ‘सर, अर्जुनरावांच्या नातीला विंचू चावला. भुयारापाशी. आष्टीच्या दवाखान्यात नेलंय.’

आई-बापांबरोबर बघायला गेली होती. आत पोरांची रेटारेटी, म्हणून बाहेरच तोंडाशी खेळत होती. दगड उचलला. दगडाखाली विंचू. लाल, आपला नेहमीचा, डोंगराच्या कुठल्याही दगडाखाली असतो तो. माणसाला मारू शकतो तो.

ती ओरडली तेव्हा बाकीचे म्हणे म्हणाले, ‘घाबरू नको गं, सर म्हणलेत काय व्हत न्हाई.’ त्यातच वेळ गेला. मग उलट्या, घाम, हातपाय गार.

संध्याकाळी तिला नगरला हलवलं.

२४ मार्च

सकाळच्या एसटीनं नगरला. अतिदक्षता विभागाच्या बाहेर आरोहीचा बाप आदिनाथ बाकावर बसला होता. एकाच पायात चप्पल. तिची आई तेजश्री भिंतीला टेकून, डोळे मिटून. ओठ हलत होते.

मला बघून आदिनाथ उठला. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं.

‘सर, तुमी कशाला एवढ्या लांब आलात? तुमाला गुडघ्याचा त्रास.’

त्यानं मला बसायला जागा करून दिली. पाण्याची बाटली पुढं केली.

‘डॉक्टर म्हणत्यात, काळजावर ताण हाय. आजची रात गेली की कळंल.’ मग बारीक आवाजात, ‘सर, तुमी तर म्हणलेते, धोका न्हाई.’

म्हटलं, ‘आदिनाथ, तो विंचू वेगळा. हा लाल. भुयारातला तो पांढरा—’

माझाच आवाज माझ्या कानावर आला. पोर आत पडलेली आणि मी रंग सांगतोय!

तेजश्रीनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. परत मिटले.

दिवसभर तिथंच बसून राहिलो. उठून जायची लाज वाटली, बसायचीही.

२५ मार्च

आरोही शुद्धीवर आली. पाणी मागितलं.

२६ मार्च, बुधवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

खोरवाडीत मारुतीच्या पारावर गाव जमलं. अर्जुनरावांनी बोलावणं पाठवलं म्हणून गेलो. पोरगी धोक्याबाहेर आहे हे आता सगळ्यांना कळलेलं. त्यामुळे कालपर्यंतच्या भीतीचा आता संताप झालेला. एकजण म्हणाला, ‘भुयारच जाळून टाका. डिझेल वता आन् द्या पेटवून.’ दुसरा म्हणाला, ‘आधी फवारणी, मग टायर. एक बी जित्ता राहाया नको.’ कुणीतरी महादेवाचं नाव काढलं, त्याला गप्प केलं.

बिभीषण म्हणून एक म्हातारा आहे, मेंढरं राखतो. तो एवढंच म्हणाला, ‘आरं, सरांला इचारा की. सरांचा विंचू हाय.’

अर्जुनराव माझ्याकडं वळले. चार दिवसांत माणूस किती थकलेला. ‘सर, तुमी सांगा. ठिवायचे का मारायचे? तुमी म्हणसाल तसं करू.’

तुमी म्हणसाल तसं! सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. मला एकच गोष्ट सांगायची होती — चावला तो दगडाखालचा लाल. भुयारातल्या पांढऱ्यानं कुणाला काही केलेलं नाही. तो जगात दुसरीकडं कुठं असेल-नसेल. भुयाराचं तोंड काट्यांनी बंद करा, माणसं जाऊ देऊ नका, बस. एवढं बोललो असतो तर ऐकलं असतं त्यांनी. त्यांनी विचारलंच होतं.

पण समोर आदिनाथ बसला होता. तो म्हणाला असता, ‘मग पेपरात धोका न्हाई कावून म्हणलात?’ मग कुणी विचारलं असतं, आत तुम्ही नक्की काय बघितलं. मग सगळंच निघालं असतं.

मी म्हटलं, ‘गाव ठरवेल ते.’

२७ मार्च

धूर कड्याच्या रस्त्यावरूनही दिसत होता.

गेलो. मी गेल्यानं काय होणार होतं? तरी गेलो. टायर जळत होते. भर उन्हात वटवाघळं बाहेर पडत होती, झाडांना धडकत होती, खाली पडत होती. पोरं काठ्या घेऊन उभी. कुणी ओरडत नव्हतं, कुणाला मजाही वाटत नव्हती. काम उरकायचं तसं चाललं होतं.

धूर निवल्यावर दोघंजण तोंडाला फडकं बांधून आत शिरले आणि खराट्यानं ओढून ओढून बाहेर आणलं. राख, कोळ्यांची जाळी, आणि विंचू. काळे पडलेले, आखडलेले. काही अर्धवट पांढरे राहिलेले. लहान-मोठे. एवढे असतील असं वाटलं नव्हतं मला.

लाल त्यात एकही नव्हता. लाल विंचू बाहेर डोंगरभर दगडाखाली आहेत. त्यांना धूरसुद्धा लागला नाही.

आदिनाथ ढिगाशी वाकून बघत होता. त्यानं माझ्याकडं मान वर केली. ‘सर, आरोहीला चावला तो तर ह्यात न्हाई.’

मी म्हटलं, ‘नाही.’

तो बघतच राहिला. त्याला कळलं असावं, हे मला कालही माहीत होतं.

२८ मार्च

काही नाही.

३० मार्च, पाडवा

घरी गुढी उभारली आणि आष्टीला गेलो. रुचिका सणाला आई-वडिलांकडे आलेली. तिला कळलेलं होतं. योगीराजनं भुयार जाळल्याची बातमीही दिलीय, त्याला काय.

तिच्या आईनं श्रीखंडाची वाटी पुढं ठेवली. रुचिका समोर बसली. डोळे सुजलेले.

मी सगळं सांगितलं. दुकानात मीच फोटो दाखवला. गावाचं नाव मीच सांगितलं. तुला मेसेज केला तो खोटा. सत्काराला तुझं नाव गिळलं. आणि पारावर मला विचारलं तेव्हा गप्प बसलो. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं सांगितलंच नसतं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘तुम्ही बोलला असतात तर थांबले असते ते?’

‘थांबले असते.’

‘मग?’

मी श्रीखंडाची वाटी बाजूला सरकवली.

ओरडली नाही. ओरडेल या तयारीनं गेलो होतो. म्हणाली, ‘सर, भुयारातून बाहेर आल्यावर तो मी आधी तुम्हाला दाखवला. पुण्याच्या माझ्या सरांनाही नाही. बारावीत तुम्ही शेतातून गोम पकडून आणली होती ना, तिचे पाय मोजायला लावले होतेत. तेव्हापासून मी हे करतेय.’

गोमीचं मला काही आठवत नव्हतं.

निघताना पाया पडली नाही. बरोबर केलं. दारापर्यंत मात्र आली. म्हणाली, ‘मला सांगितलंत. त्यांना कोण सांगणार?’

३ एप्रिल, गुरुवार

खोरवाडीला गेलो. शाल बरोबर नेली. जगदेवी म्हणाली, ‘मी येते.’ म्हटलं, ‘नको.’ तरी आली. एसटीत शेजारी बसून राहिली. उतरताना म्हणाली, ‘हळू बोला. मोठ्यानं बोलू नका.’

अर्जुनराव ओट्यावर होते. आदिनाथ बैलांना पाणी पाजत होता, तोही आला. आरोही आत खाटेवर. हात सुजलेला, चेहरा बारीक.

सांगितलं. विंचू रुचिकानं शोधला. मी भुयारात गेलोच नाही, बाहेर बसलो होतो. धोका नाही हे न माहीत असता बोललो. आणि ते भुयारातले बिचारे निर्दोष आहेत हे पारावर मला पक्कं ठाऊक होतं.

अर्जुनराव बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मळली, पण तोंडात टाकली नाही.

‘मग तवा कावून बोलला न्हाई तुमी?’

‘लाज वाटली.’

‘आन् आता?’

‘आताही वाटते.’

‘सर,’ ते म्हणाले, ‘आमी अडाणी म्हणून तुमाला इचारलं न्हवतं. इश्वास हुता म्हणून इचारलं. तुमी आमच्या हातनं काई गुन्हा नसलेला जीव मारवलात.’

आदिनाथ परत बैलांकडं गेला. शाल मी ओट्यावर ठेवली. अर्जुनरावांनी ती उचलून जगदेवीच्या हातात दिली. ‘वैनी, ही न्या. गावानं दिलेलं परत घेत न्हाई गाव.’

शाल घरात ठेवणं हीच शिक्षा, हे त्यांना कळत असावं.

आतून आरोहीनं हाक मारली, ‘सर आलेत का?’ तेजश्री दारात उभी राहिली. मला आत जाऊ द्यावं का नाही, असं तिच्या मनात चाललेलं दिसलं. मग बाजूला झाली.

पोरीनं परत तेच विचारलं. अंधार कळतो का?

‘मला माहीत नाही,’ म्हटलं. ‘रुचिकाताई म्हणून एक आहे, तिला माहीत असेल. तिला विचारून तुला सांगतो.’

‘तिनंच धरला का तो?’

‘हो. तिनंच. मी बाहेर बसलो होतो.’

‘घाबरलात?’

‘हो.’

हसली. गेल्या महिन्याभरात मी बोललेलं पहिलं वाक्य असेल, ज्याची लाज वाटली नाही.

४ एप्रिल

रुचिकाला मेसेज केला, आरोहीचा प्रश्न आणि तिच्या आईचा नंबर. उत्तर मला नाही, सरळ आरोहीच्या आईच्या मोबाईलवर गेलं. तिच्या आवाजात, बोलून पाठवलेलं. तेजश्रीनं आदिनाथकडून कळवलं. उत्तर काय ते मी विचारलं नाही.

९ एप्रिल

योगीराजला दुकानात गाठलं. म्हटलं, खुलासा छाप. म्हणाला, ‘सर, आता कुणाला पडलंय? वाचक पुढं गेले.’ म्हटलं, ‘मला पडलंय.’ बसवेश्वर मधे पडला, ‘दादा, जाऊ द्या ना, घराण्याचं नाव—’ म्हटलं, ‘छाप बे!’ पस्तीस वर्षांत विद्यार्थ्याला ‘बे’ म्हटलं नव्हतं.

१३ एप्रिल

आलं. आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, चार ओळी. रुचिकाचं नाव मात्र बरोबर लिहिलंय. दुकानात आज माझ्याशी नीट कुणी बोललं नाही. खुर्चीवर कापडाचे तागे ठेवलेले होते. उचलून ठेव असं मी म्हटलं नाही, बसवेश्वरही उठला नाही. घरी आलो.

२ मे

डोंगरावर एकटा गेलो. भुयाराच्या तोंडाशी काळा थर तसाच. पाऊस येईपर्यंत राहील. मान खाली घालून आत शिरायचा प्रयत्न केला. अरुंद जागेपर्यंत गेलो. आज मात्र पोटावर झोपलो आणि टॉर्च लावला. काजळी. काही हललं नाही.

परत फिरताना अडकलो. बराच वेळ. कुणाला हाक मारणार?

२० मे

रुचिकाच्या आईकडून कळलं, तिचं काम थांबलंय. भुयारच नाही, तर अभ्यास कशाचा. दुसरा विषय घे म्हणतायत तिला.

जगदेवी विचारत होती, काय झालं. सांगितलं. ती म्हणाली, ‘जेवून घ्या.’

१५ जून, रविवार

रुचिकाचा फोन! पाडव्यानंतर पहिल्यांदा.

‘सर, सापडले. दुसऱ्या डोंगरात, दुसरं भुयार. जिवंत आहेत! एक मादी तर पाठीवर पिल्लं घेऊन बसलीय.’

फोन कानाला धरून मी अंगणात आलो.

‘कुठं ते सांगते, ऐका—’

‘नको,’ म्हटलं. ‘मला सांगू नको, रुचिका.’